पुंगळी अडकत होती तो मोसम

नोव्हेंबर सरत आला की आमच्या गावात केशरी रंग शिरतो. किराणा दुकानात दुधाच्या रांगेत, पेट्रोल भरताना, बँकेच्या दारात, जिथे पाहावं तिथे भडक केशरी जाकिटं आणि टोप्या. एरवी हवापाण्यापलीकडे न बोलणारी माणसं भरभरून बोलायला लागतात. कुठल्या उतारावर माग दिसले, यंदा ओकची फळं किती पडली, शनिवारी वारा कुठून असेल. डोंगरापलीकडच्या नेमबाजीच्या मैदानावरून दिवसभर आवाज येत राहतात. एक, मग बराच वेळ काही नाही, मग लागोपाठ दोन. थँक्सगिव्हिंग झालं की हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो, त्याची ही तयारी; केशरी घालायचं ते जंगलात माणूस दुरून ओळखू यावा म्हणून. इथले लोक त्याला नुसतं ‘सीझन’ म्हणतात. कसला, ते कुणी विचारत नाही.

मी नागपूरहून इथे, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी, शिकायला आले, त्या पहिल्या वर्षी हे आवाज ऐकून मला वाटलं होतं की दिवाळीचे उरलेले फटाके कुणीतरी उडवतंय. तेव्हा आम्ही चार मुली एका अपार्टमेंटमध्ये राहायचो आणि भारतीय किराणा म्हणजे एका दुकानातलं एक कपाट होतं. शिक्षण संपलं, विद्यापीठाच्याच लॅबमध्ये नोकरी लागली आणि मी राहिले ती राहिलेच. माझा विषय धातू. मोडलेला, चिरलेला, वाकलेला तुकडा कुणीतरी आणून देतं आणि तो का मोडला ते मी शोधते. या कामाने माणूस कोरडा होतो असं माझी बहीण म्हणते. होत असेल. तुकड्याबद्दल हळहळत बसलं तर त्याच्या कडा नीट पाहून होत नाहीत.

यंदाही आवाज सुरू झालेत. त्यांच्याबरोबर गेल्या वर्षीचा मोसम न बोलावता येतो आणि मी त्याला येऊ देते.

दिनकरकाका इथल्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. मूळचे साताऱ्याकडचे. त्यांचा आणि शिकारीचा संबंध यायचं काही कारण नव्हतं. पण नोकरीच्या पहिल्याच वर्षी, थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी ते ऑपरेशन थिएटरात पोचले तर तिथे शुकशुकाट. तेव्हा मोसम सोमवारी उघडायचा. सर्जन जंगलात, नर्सबाईंचे नवरे जंगलात, ज्याच्या हर्नियाचं ऑपरेशन होतं तो पेशंटही जंगलात. पुढच्या वर्षी एका वयस्क सर्जनने काकांना सोबत नेलं आणि निवृत्त होताना स्वतःची रायफल त्यांना देऊन टाकली. ती तेव्हाच जुनी होती. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, काडतुसामागे खिळीसारखा बसणारा, हाताने उघडायचा बोल्ट, आणि नळीचा निळा-काळा रंग धरायच्या जागी उडून आतलं पोलाद दिसायला लागलेलं.

शिकार काकांना आवडायची, पण त्यांचा जीव होता तो काडतुसं भरण्यात. एकदा उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून द्यायची नाही. ती साच्यात दाबून पुन्हा आकाराला आणायची, तळाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची आणि वर गोळी दाबायची. या कामासाठी त्यांच्या गॅरेजात खिडकीशी एक लाकडी बाक होता. त्यावर प्रेस, तराजू, लेबल लावलेले डबे, सगळं जागच्या जागी. प्रेसचा दांडा खाली आला की कट्ट असा आवाज व्हायचा, आणि हाताला पितळेचा वास लागायचा तो साबणाने धुतला तरी जेवताना पुन्हा यायचा. आयुष्यभर ज्यांनी माणसाच्या वजनाप्रमाणे औषध मोजलं त्यांना हे काम आवडावं यात नवल नव्हतं. ते म्हणायचे, जास्त झालं तर माणूस जातो, कमी झालं तर मध्येच जागा होतो, इथेही हिशेब तोच आहे.

गॅरेजमधून स्वयंपाकघरात जायचं दार सुमनकाकू उघडंच ठेवायच्या. एकीकडून फोडणीचा वास गॅरेजात जायचा आणि दुसरीकडून काकांची बडबड आत यायची. हरणाचं मटण त्या साताऱ्याच्या कांदा-लसूण मसाल्यात करायच्या, आणि रस्सा इतका लाल असायचा की पहिल्यांदा जेवायला आलेला अमेरिकन शेजारी आधी पाण्याचा ग्लास शोधायचा. शिकत असताना मी कित्येक रविवार त्यांच्याकडे जेवले. मी कोण, कुणाकडची, आमच्या घरी कोणाचे फोटो लावलेले असतात, हे त्यांनी पहिल्या भेटीत विचारून घेतलं. मी सांगितलं. ‘बरं, भात वाढू का?’ म्हणाल्या आणि पुन्हा तो विषय निघाला नाही. गेल्या वर्षी मार्चमध्ये त्या गेल्या. मला त्यांची फार आठवण येते, हे इथेच सांगून टाकते.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी काकांचा फोन आला. ते मैदानावर जाऊन आले होते. गोळी नेमकी लागली, पण बोल्ट उघडेना. दस्ता मांडीत दाबून धरून हँडलवर तळहाताने ठोके घातले तेव्हा कुठे तो उचलला आणि रिकामी पुंगळी कशीबशी बाहेर आली. दुसऱ्या काडतुसाला तेच. तिसरं त्यांनी उडवलंच नाही, गाडी काढून घरी आले.

काय व्हायला हवं ते आधी सांगते. बार उडाला की आतल्या दाबाने पितळ फुगतं आणि भोवतीच्या पोलादाच्या भिंतीला घट्ट बसतं. त्या पोकळीला चेंबर म्हणतात. दाब ओसरला की तेच पितळ किंचित अंग चोरतं, केसाच्याही अंशाइतकं, आणि भिंतीपासून सुटतं. मग बोल्ट सहज उघडतो आणि त्याचा आकडा पुंगळीला ओढून बाहेर टाकतो. पितळ निवडलं जातं ते याच स्वभावासाठी. प्रसंगी फुगायचं, पण पुन्हा आपल्या मापात यायचं. पुंगळी अडकते तेव्हा या साध्या येण्या-जाण्यात कुठेतरी बिघडलेलं असतं, आणि जुन्या बंदुकीत बिघडायला जागा पुष्कळ असतात. चेंबर खरबरीत झालेलं असू शकतं, पितळ वापरून वापरून थकलेलं असू शकतं. पण सगळ्यात आधी जी शंका घ्यायची आणि जिची सगळ्यांना भीती वाटते ती एकच, दारू जास्त पडली.

काकांनी दोन्ही पुंगळ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पांढऱ्या रुमालावर ठेवल्या होत्या. मी बसायच्या आतच त्यांनी भिंग पुढे केलं. पुंगळीच्या तळावर एक चकचकीत ओरखडा होता आणि टोपीच्या कडा चपट्या झाल्या होत्या. दोन्ही खुणा आत धक्का जास्त बसल्याच्या. काकांना ते माहीत होतं. त्यांनी आधीच निकाल लावला होता आणि माझ्याकडून फक्त सही हवी होती असं मला वाटलं. पण तसं नव्हतं.

त्यांचा मुलगा निखिल टेक्सासात शुगर लँडला असतो, तेल कंपनीत इंजिनिअर आहे. काकू गेल्यापासून बाबांनी आपल्याकडे यावं म्हणून तो मागे लागला होता. काका दाद देत नव्हते. उन्हाळ्यात ते एकदा शेगडी चालू ठेवून फिरायला गेले, आणि एकदा त्यांनी निखिलला सकाळी सांगितलेलीच गोष्ट दुपारी पुन्हा फोन करून सांगितली. तेव्हापासून तो मलाही फोन करायला लागला होता. ‘ताई, ऑनेस्टली सांग, बाबा तिथे एकटे सेफ आहेत का? गॅरेजमध्ये पावडर आहे यार.’ मी त्याला काही ठोस उत्तर दिलं नव्हतं. पुरावा नसताना मत द्यायची मला सवय नाही.

काकांनी रुमालाची घडी सरळ केली आणि म्हणाले, “तू मेटलवाली. मला एवढंच सांग, चूक बंदुकीची आहे का माझ्या हाताची. हाताची असेल तर मी निखिलकडे जातो, आर्ग्युमेंट करणार नाही. पण मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस.”

मी हो म्हटलं.

त्या दुपारी मी चेंबरमध्ये दिव्याची बारीक कांडी घालून पाहिलं. स्वयंपाकघरात हीटर चालू होता, उजेड चांगला होता. आत लख्ख, गुळगुळीत, कुठे गंज नाही की खड्डा नाही. इतक्या जुन्या बंदुकीचं चेंबर इतकं चमकतं याचं मला कौतुक वाटलं आणि मी पुढे गेले. कौतुक वाटलं तिथे थांबायला हवं होतं, पण ते आत्ता कळतं.

मग पितळ पाहिलं. लांबी, मानेची जाडी, तळाचा घेर. सगळं मापात. पुंगळ्या नव्याच होत्या, थकायला अवकाश होता. उरली दारू. काकांनी त्या मोसमासाठी भरलेला डबा मी समोर घेतला, थोडी काडतुसं बाजूला ठेवली आणि बाकावर बसून एकेका काडतुसाची गोळी उपटायला सुरुवात केली. माझा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा मी बरोबर नेला होता. काका शेजारच्या स्टुलावर बसले होते. आत पडणारे करडे दाणे काट्याच्या वाटीत ओतले की मी आकडा वाचायची आणि ते मान हलवायचे. सुरुवातीला ते आकड्याकडे पाहत होते. नंतर माझ्या चेहऱ्याकडे पाहायला लागले. निकालाची वाट पाहणाऱ्या नातेवाइकांना त्यांनी हॉस्पिटलात जन्मभर पाहिलं होतं, आज त्यांची पाळी होती. बाहेर मेपलची शेवटची पानं पडत होती आणि शेजारी कुणीतरी ती यंत्राने उडवत होतं.

प्रत्येक वाटीत तेवढीच दारू निघाली. फरक इतका किरकोळ की माझ्या काट्याचाच तो दोष असेल. मी तसं सांगितलं तेव्हा काका म्हणाले की उडालेल्या दोन्हींत जास्त पडली असेल, ती आता कोण मोजणार. भूलतज्ज्ञाला शोभेल अशीच शंका होती. मी म्हटलं, मग दुकानातली काडतुसं आणून उडवू. ती तुम्ही भरलेली नाहीत.

पुढच्या रविवारी आम्ही ती घेऊन मैदानावर गेलो. काकांनी पहिला बार काढला. मैदानाच्या टोकाशी कागद हलला, बरोबर मध्ये. त्यांनी बोल्टच्या हँडलला हात घातला. हँडल अडकलं होतं.

मला त्या क्षणी आनंद झाला, उघडउघड झाला. बंदूक अडकल्याचा आनंद होणारी त्या मैदानावर मी एकटीच असेन. दुकानातलं काडतूसही अडकतं म्हणजे काकांचा हात निर्दोष सुटला. दोष चेंबरचा. मी तिथेच ब्रश आणि द्रावण काढलं, चेंबर खसखसून घासलं, कोरड्या चिंध्या आत फिरवून चिंधी स्वच्छ येईपर्यंत पुसलं. वर्षानुवर्षांची कसली तरी चिकट पुटं असणार असं मी धरून चालले. पुढचं काडतूस उडालं आणि काकांनी बोल्ट दोन बोटांनी उघडला. पुंगळी टणकन बाकावर पडली. पुढचीही. काकांनी स्वतः भरलेली काही काडतुसं मी न उपटता ठेवली होती. आम्ही तीही उडवली. तीही तशीच निघाली, टोप्यांच्या कडा गोल, तळ स्वच्छ. घरी येताना काकांनी गाडीत निखिलला स्पीकरवर घेतलं आणि ‘चेंबर डर्टी होतं रे, पावडर परफेक्ट’ असं दोनदा सांगितलं. निखिल म्हणाला, ‘ओके बाबा, दॅट्स गुड.’ त्याच्या आवाजात मात्र फार काही बदललं नाही.

त्या आठवड्यात मी लॅबमध्ये बरीच खुशीत होते. कोडं सुटल्याचा जो एक हलकेपणा असतो तो मला फार थोड्या गोष्टींतून मिळतो.

मोसम उघडायच्या आधीच्या रविवारी आम्ही शेवटचं म्हणून मैदानावर गेलो. रात्री पाणी गोठेल अशी थंडी पडली होती. रायफल आदल्या संध्याकाळपासून गाडीच्या डिकीत होती, काकांना नंतर आठवणार नाही म्हणून त्यांनी आधीच ठेवली होती. हातमोजे काढले की बोटं झोंबत होती. काकांनी पहिला बार काढला, हँडल उचलायला गेले आणि थांबले. माझ्याकडे पाहिलंही नाही. तळहाताने ठोकायला लागले.

पुंगळी निघाल्यावर मी रायफल माझ्याकडे घेतली. बोल्ट काढून दिव्याची कांडी आत घातली. यावेळी दिसलं. चेंबरच्या पुढच्या टोकाला, जिथे पुंगळीचा खांदा टेकतो तिथे, पांढरट साय धरली होती. चिंधीचं टोक लावलं तर बोटांच्या उबेने ती क्षणात वितळून पाण्यासारखी झाली. चिंधी नाकाशी नेली. खोबरेल.

नागपूरला जानेवारीत सकाळी बाटली उन्हात ठेवावी लागते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. थंडीत गोठणारं आणि उबेत आरपार दिसणारं तेल. स्वयंपाकघरातल्या हीटरच्या उबेत मी त्याच तेलाची चमक पाहिली होती आणि तिला चेंबरचा गुळगुळीतपणा समजले होते. तेलकट भिंतीला पितळ धरून राहू शकत नाही, सगळा जोर मागे बोल्टवर जातो आणि तो अडकतो, म्हणून तो चकचकीत ओरखडा, म्हणून चपट्या कडा. सगळ्या खुणांचा अर्थ लागला. फक्त एक गोष्ट लागत नव्हती. मागच्या खेपेला हे चेंबर मी स्वतः कोरडं केलं होतं.

आमच्या घरी दसऱ्याला पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर जायचं असायचं. अवजारांची पूजा मी पहिल्यांदा पाहिली ती इथे, पेनसिल्व्हेनियात, सुमनकाकूंच्या घरी. खंडेनवमीला त्या दिवाणखान्यात पाट मांडायच्या आणि घरातलं सगळं लोखंड त्यावर आणायच्या. सुरी, विळी, शिवणाची कात्री, गॅरेजमधला बर्फ ओढायचा फावडा, काकांचा जुना घशात बघायचा दिवा, आणि मध्ये ती रायफल. निळ्या बाटलीतल्या खोबरेलाचं बोट प्रत्येकावरून फिरवायच्या, गंज चढू नये म्हणून, मग हळदीकुंकू, मग बाजारातून आणलेलं झेंडूचं फूल. रायफलीला त्या बाहेरूनच, दस्त्याजवळच्या पट्टीला तेवढं बोट लावायच्या आणि काका पूजा झाली की ते पुसून टाकायचे. वर्षातून एकदा. मी पाहुणी म्हणून बाजूला बसून सफरचंदाचा शिरा खायची. ती पूजा माझी नव्हती, म्हणून असेल, बंदूक अडकली तेव्हा ती मला आठवली नाही.

काका बाकावर पुंगळ्या डब्यात लावत होते. मी म्हटलं, “काका, चेंबरमध्ये खोबरेल आहे.”

“असेल,” ते मान वर न करता म्हणाले. “सुमनने लावलं असेल. दसऱ्याला लावते ना ती.”

आवाज अगदी रोजचा होता. मैदानावर तेव्हाच लाल दिवा लागला, नेमबाजी थांबली आणि लोक आपापले कागद बदलायला चालत निघाले. बर्फाळ गवतावर बुटांचा करकर आवाज येत होता. माझ्या गप्प राहण्यानेच काकांनी मान वर केली असावी. लोकांसमोर चेहरा कोरा ठेवायची मला सवय आहे, पण त्या दिवशी तो राहिला नाही.

काकांनी डबा बंद केला. मग हळू आवाजात, भुलीतून जाग्या होणाऱ्या पेशंटला विचारावं तसं, स्वतःलाच विचारून उत्तरं दिली. नाव, गाव, आज रविवार, नोव्हेंबर महिना. सगळी उत्तरं बरोबर होती.

“सुमन मार्चमध्ये गेली,” ते म्हणाले.

“हो.”

“म्हणजे तेल मी लावलं. तू साफ केल्यावर पुन्हा लावलं.”

“हो काका.”

“मला आठवत नाही, सुजाता.”

त्यांनी ते एखादा रिपोर्ट वाचावा तसं सांगितलं. मी रायफल बाकावर ठेवली. मग त्यांनी विचारलं, हात बरोबर होता ना? मी म्हटलं, हात एकदम बरोबर होता, शेवटच्या दाण्यापर्यंत. त्यांनी मान हलवली. ते स्वतःच्या शब्दाला धरून बसले असते तर त्यांना इथेच राहता आलं असतं. हाताची चूक असेल तर जाईन, एवढंच ते म्हणाले होते, आणि हाताची चूक नव्हती. हे मला सुचलं तसं त्यांनाही सुचलं असणार. दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

लाल दिवा विझायच्या आत काकांनी बाकावरचा बोल्ट उचलला, रुमालाने पुसला आणि माझ्या हातात ठेवला. थंडीने तो इतका गार झाला होता की हातमोज्यातूनही जाणवत होतं.

“हा तुझ्याकडे ठेव. मी मागेन. मागितला तरी देऊ नकोस.”

संध्याकाळी त्यांनी निखिलला फोन केला तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा करत होते. देवघराच्या कट्ट्यावर निळी बाटली होती, अर्ध्याच्या खाली गेलेली. शेजारी कापसाच्या काड्यांची डबी. काकूंनी बाहेरून फिरवलेलं बोट काकांनी आतपर्यंत नेलं होतं, पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी पहिल्यांदाच केल्यासारखं, आणि कुठेही कसर न ठेवता. डोस चुकायला नको या बेताने. मी बाटली उचलली नाही. बंदुकीत आता बोल्ट नव्हता, कितीही तेल घातलं तरी कुणाला इजा होणार नव्हती.

मोसम उघडला त्या शनिवारी पहाट फुटता फुटता आम्ही तरीही जंगलात गेलो. केशरी जाकिटं घालून, रायफलीशिवाय. काकांना त्यांची जागा पायांनीच सापडली, ओढ्याच्या वर, पडलेल्या हेमलॉकच्या खोडाशी. खोडावरचा बर्फ त्यांनी हाताने झाडला आणि आम्ही बसलो. उजाडलं तसे डोंगराच्या दोन्ही अंगांनी बार ऐकू यायला लागले. काका ऐकून सांगत होते, हा लांब, हा खालच्या दरीत, याचा पहिला चुकला म्हणून दुसरा. थर्मासमधल्या चहात आलं जास्त झालं होतं. मग आवाज थांबले आणि ओढ्यापलीकडे हरणाची एक मादी आली, तिच्यामागे त्या वर्षीचं पिल्लू. वारा तिच्याकडून आमच्याकडे येत होता, तिला आमचा पत्ता नव्हता. ती पाणी प्यायली, पिल्लाने नुसतंच तोंड बुडवलं. काकांचा उजवा हात मांडीवर उघडा पडला होता, बोटं किंचित वाकलेली, हँडल उचलायच्या बेतात असल्यासारखी. मी तो हात पाहत राहिले. तो जरासुद्धा कापत नव्हता.

जानेवारीत ते शुगर लँडला गेले. दारूचे डबे मैदानावरच्या एका ओळखीच्या माणसाला दिले, प्रेस दुसऱ्याला. रायफल निखिलने नेली आणि काकांच्या खोलीत भिंतीवर लावली. घर विकलं गेलं. नवीन लोकांनी गॅरेजच्या खिडकीशी सायकली टांगल्यात, मी फिरायला जाते तेव्हा दिसतात. काका अधूनमधून फोन करतात, तिकडच्या दमटपणाबद्दल तक्रार करतात, नोव्हेंबरातसुद्धा एसी लावावा लागतो म्हणतात. कधी नाव विसरतात, कधी दिवस. आवाजात चिडचिड नसते. माझ्या पेशात ज्याला धातूचा थकवा म्हणतात तो बाहेरून दिसत नाही, तुकडा शेवटपर्यंत चकचकीत असतो. हे मी लॅबमधल्या विद्यार्थ्यांना कितीतरी वेळा सांगितलंय. आता सांगताना मध्येच थांबते.

परवा मी किराणा दुकानातल्या केशरी गर्दीतून घरी आले आणि फोन वाजला.

“अगं, रायफलीचा बोल्ट सापडत नाही. निखिल म्हणतो त्याने घेतला नाही. सीझन आला ना.”

मी म्हटलं, “बोल्ट माझ्याकडे आहे, काका.”

“तुझ्याकडे कसा?”

“तुम्हीच दिलात. मागितला तरी देऊ नकोस म्हणालात.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“तेव्हा माझं डोकं ठिकाणावर होतं?”

“पूर्ण ठिकाणावर होतं.”

“मग त्याचंच ऐक,” काका म्हणाले. “माझं नको.”